खरी गोळी कुणाच्या बाटलीत

२ फेब्रुवारी, सकाळ

रोजनिशी पुन्हा सुरू करत आहे. या खेपेला कारण गंभीर आहे. मी हृदयरोगाच्या एका संशोधनात शिरलो आहे. ही फोनवर सगळ्यांना सांगते, "यांनी भाग घेतलाय." भाग वगैरे काही घेतलेला नाही. शिरलो आहे. दोन्हींत फरक आहे, पण तो बायकोला समजावण्यात अर्थ नाही.

नोकरीत असताना परीक्षेतले कॉपीबहाद्दर पकडायचं काम केलं. बाहीतून, बुटातून, पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागून चिठ्ठ्या काढल्या. एकाच्या तर हाताच्या प्लास्टरमधून काढली. हात मोडलेलाच नव्हता. माणूस निवृत्त होतो, नजर होत नाही. आणि संशोधन म्हणजे तरी काय? मोठ्या माणसांची परीक्षा. फक्त तिथे बाकांमधून फेऱ्या मारणारं कोणी नसतं. आता आहे.

घरच्यांची समजूत अशी, की मला ब्लडप्रेशर आहे म्हणून मी गेलो. राहू दे. गुप्त कामाला असलं निमित्त सोयीचं पडतं. शिवाय ब्लडप्रेशर आहे म्हणजे काय? सगळ्यांनाच असतं. माझं जरा उत्साही आहे.

५ फेब्रुवारी

संशोधन केंद्रात पहिली भेट. हॉस्पिटलच्या मागची इमारत, दुसरा मजला. लिफ्ट बंद. ब्लडप्रेशरवाल्यांना जिने चढायला लावतात. हाही प्रयोगाचाच भाग असणार.

डॉक्टरीणबाई तरुण आहे. चेहरा ओळखीचा वाटला. कधी पकडली होती का हिला? पण मला सगळेच चेहरे ओळखीचे वाटतात. टेबलावर प्लास्टिकचं हृदय. ती फोनवर असताना झाकण उघडून आत बघितलं. आत पेपरक्लिपा. मनात नोंद केली.

तिने सांगितलं ते असं. आपली जुनी गोळी रोजच्या रोज चालूच ठेवायची. शिवाय अभ्यासाची एक गोळी. निम्म्या लोकांच्या बाटलीत नवं औषध. उरलेल्या निम्म्यांच्या बाटलीत तशीच दिसणारी, तशाच चवीची, पण आत औषध नसलेली गोळी. पुढे कुणाला हृदयाचा किंवा मेंदूचा झटका येतो, कुणाला येत नाही, ते बघायचं.

विचारलं, माझ्या बाटलीत काय आहे? म्हणाली, मला माहीत नाही. तुम्ही डॉक्टर ना? हो. संशोधन तुमचं ना? हो. मग?

"मला कळलं तर मी तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघेन, काका. म्हणून मलाही कळू द्यायचं नाही, असा नियम आहे."

इतक्या वर्षांत पुष्कळ बहाणे ऐकले. चिठ्ठी वाऱ्याने आली. बाकावर आधीच लिहिलेलं होतं. सदरा भावाचा आहे. पण 'मला माहीत नाही आणि तोच नियम आहे' असा जबाब कुणी दिला नव्हता. एकतर ही पोरगी फार साधी आहे, नाहीतर फार पोचलेली.

काका म्हणाली. तेही लक्षात ठेवलं.

६ फेब्रुवारी

अभ्यासाची गोळी तपासली. पांढरी, गोल, मध्ये रेघ. भिंगातून पाहिली. वास नाही. चाटून पाहिली. कडू. आता, आत काही नसलेली गोळी कडू कशी लागेल? मुद्दाम कडू केली असेल तरच. म्हणजे गोळी कडू असणं हाच ती साखरेची असल्याचा पुरावा. हिला हे नीट समजावून सांगितलं. ही म्हणाली, आधी गिळा, मग बोला. गिळली.

९ फेब्रुवारी

धक्का. मेहुणाही त्याच संशोधनात आहे!

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. चष्म्याचं दुकान चालवतो. इतका भोळा, की गिऱ्हाईक 'शेवटची ओळ दिसतेय' म्हणालं की हा मान्य करतो. मी असतो तर तक्ता बदलून पुन्हा विचारलं असतं. पोट सुटलेलं. जिना चढताना गाणं म्हणतो.

विचारलं, तू कशाला गेलास त्यात? म्हणाला, "भाऊजी, आमचे बाबा जेवता जेवता गेले. मी समोर बसलो होतो." एवढंच बोलून बशीत चहा ओतायला लागला. ही उठून आत गेली. मीही विषय वाढवला नाही. पण मुद्दा उरतोच. घरात बाटल्या आता दोन. खरी गोळी कुणाच्या बाटलीत?

१२ फेब्रुवारी

आज दिवसभर दंडाला पट्टा आणि कमरेला मशीन. मध्येच पट्टा आपोआप फुगतो आणि ब्लडप्रेशर टिपून ठेवतो. बांधणारा तंत्रज्ञ फारसा बोलत नाही. त्याचं नाव पट्टेवाला ठेवलं. मशीनमध्ये माइक आहे का, विचारलं. नाही म्हणाला. लगेच म्हणाला. फारच लगेच.

दुपार. पोस्टात रांगेत घुसणाऱ्या गृहस्थांना नियम समजावत होतो, तेवढ्यात पट्टा फुगला, घर्रर्र आवाज झाला. गृहस्थ आपणहून मागे जाऊन उभे राहिले. मशीनचा हा उपयोग डॉक्टरांना ठाऊक नसावा.

संध्याकाळ. मी हिच्याशी काही बोलायला लागलो की पट्टा फुगतो. गप्प बसलो की फुगत नाही. मशीन हिच्या बाजूचं आहे. संकल्प: पट्टा फुगायच्या आधी मन शांत करायचं. अडचण: कधी फुगेल ते कळत नाही, त्यामुळे सतत शांत राहावं लागतं. सतत शांत राहून फार चिडचिड झाली.

५ मार्च

दुसरी भेट. ब्लडप्रेशर खाली! डॉक्टरीणबाई खूश. मी स्पष्ट सांगितलं, हे माझ्या मनोनिग्रहाचं फळ आहे. ती म्हणाली, "तेही असेल, काका. पण दोन्ही गोळ्या चुकवू नका." 'तेही असेल.' म्हणजे कबुली मिळाली.

पट्टेवाला लिहिताना डावा हात आडवा धरत होता. हुशार मुलं धरतात तसा. कुणापासून लपवतोय? खोलीत मीच होतो.

८ मार्च

मेहुण्याकडे जेवायला. सहज बोलता बोलता उलटतपासणी घेतली. बरं वाटतंय का? वाटतंय. काही त्रास? घोटे जरा सुजतात, आणि कधी उठताना डोळ्यापुढे अंधारी येते, तेवढंच. हे सगळं हसत हसत सांगितलं.

मला काय होतं? काहीच नाही. घोटे आहेत तसे. अंधारी नाही.

चित्र स्वच्छ आहे. खरी गोळी मेहुण्याला. मला साखर. का? तेही स्वच्छ आहे. पहिल्याच भेटीत मी हृदयाचं झाकण उघडलं, ते तिने पाहिलं असणार. धोकादायक माणसाच्या हाती अस्सल माल द्यायचा नाही, असं वरून ठरलेलं दिसतं.

ही म्हणाली, माझा भाऊ आजारी पडला तरी चालेल, पण त्याला खरी गोळी मिळायला नको, असं तुमचं आहे का? बायका मुद्द्यावर राहत नाहीत.

९ मार्च, सकाळ

निर्णय घेतला. अभ्यासाची गोळी बंद. जी रिकामी आहे ती गिळण्यात काय हशील?

मग पुढचा विचार आला. प्रेशर उतरलं ते मनोनिग्रहाने. मग जुनी गोळी तरी कशाला? ती चालू ठेवली तर श्रेय पुन्हा तीच घेईल. दोन्ही बंद केल्याशिवाय माझा प्रयोग शुद्ध होत नाही. आता हा माझा स्वतःचा अभ्यास आहे. यात कुणाला काय मिळतंय ते संशोधकाला पक्कं माहीत आहे.

अंमलबजावणी: ही स्वयंपाकघरातून गोळ्या आणि पाणी आणून देते. गोळ्या गालात ठेवायच्या, पाणी प्यायचं, पेपर घेऊन गॅलरीत जायचं. गुलाबाची कुंडी. बोटाने खड्डा, गोळ्या आत, वरून माती. निर्दोष पद्धत. या विषयातला माझ्याइतका जाणकार शोधून सापडणार नाही.

२५ मार्च

गुलाबाला कळ्या. इतक्या कधीच नव्हत्या. साखर! आणखी काय पुरावा हवा?

प्रकृती उत्तम. सकाळी मान जरा जड असते. उशी बदलायला हवी.

१० एप्रिल

तिसरी भेट. पट्टेवाल्याने मोजलं, पुन्हा मोजलं, मग दुसरा हात मागितला. प्रेशर वर गेलंय म्हणे. कारणं मी लगेच सांगितली: बस उशिरा आली, जिना, शिवाय पट्टेवाल्याचे हात गार होते.

डॉक्टरीणबाईने विचारलं, गोळ्या नियमित चालू आहेत ना? म्हटलं, अर्थात. रिकामी बाटली टेबलावर ठेवली. खोटं बोलणारा माणूस खाली बघतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. तीच खाली बघायला लागली. म्हणजे काहीतरी नक्की लपवते आहे.

जुन्या गोळीची ताकद वाढवून दिली. वाढवा. कुंडीला काही फरक पडत नाही.

२२ एप्रिल

डोकं दुखतं. मागच्या बाजूने. गेल्या महिन्यात मेहुण्याने नवा चष्मा करून दिला. तेव्हापासूनच. दुकानात जाऊन जाब विचारला. त्याने निमूटपणे सगळं पुन्हा तपासलं. नंबर बरोबर. मी म्हटलं, तक्ता बदल. बदलला. नंबर बरोबर. मग चष्मा पुसत म्हणाला, "भाऊजी, डोळे ठीक आहेत. एकदा प्रेशर बघून घ्या ना. ताईला काळजी वाटते."

विषय बदलण्याची जुनी युक्ती.

३ मे

आमच्या जिन्याच्या पायऱ्या कुणीतरी उंच केल्या आहेत. मधल्या वळणावर थांबावं लागतं. पट्टी आणून मोजल्या. सगळ्या सारख्या आणि पूर्वीइतक्याच. पट्टी बदलून बघायला हवी.

शेजारीणबाई वर जाताना म्हणाल्या, दमलात वाटतं? म्हटलं, नाही, मोजतोय.

१० मे, सकाळ

हिने गुलाबाची माती बदलायला घेतली. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपरच्या कडेवरून बघत होतो. बराच वेळ ही पाठमोरी बसून राहिली. हातातलं खुरपं हलेना. मग आत आली, हात धुतले. फार वेळ धुतले. काही बोलली नाही.

काही न बोलणं हा हिचा स्वभाव नाही. पण घाबरण्याचं कारण नाही. गोळ्या केव्हाच विरघळल्या असणार.

दुपारी गोळ्या देताना माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पाणी प्यालो. ही अजून उभीच. मी 'हं' म्हटलं. गेली.

१४ मे

घरात काहीतरी शिजतंय. पुरावे: भाजीतलं मीठ निम्म्यावर आलं. लेक दुसऱ्या गावाहून रोज फोन करायला लागली. 'बाबा, कसे आहात' हे ती पूर्वी वाढदिवसाला विचारायची. मी खोलीत आलो की ही फोनवर "बरं, ठेवते" म्हणते. काल दुपारी डोळा लागला होता. उघडला तर ही माझ्या तोंडावर वाकलेली. विचारलं, काय? म्हणाली, काही नाही, श्वास बघत होते. कुणाचा? तुमचा.

स्वतःच्या घरात माणसाचा श्वास तपासला जातो.

संशय: ही त्यांना सामील आहे.

१८ मे

संशय खरा ठरला.

ही म्हणाली, शिवणाच्या बाईंकडे जाऊन येते. हातात कापड नव्हतं. अंतर ठेवून मागे गेलो. ही बसमध्ये पुढच्या दाराने, मी मागच्या. हॉस्पिटलच्या थांब्यावर उतरली. मागची इमारत. दुसरा मजला. पहिल्या मजल्यावर मी पायरीवर बसलो. दमलो म्हणून नव्हे, पाळत ठेवायला बसावंच लागतं. बराच वेळ पाळत ठेवली.

मग वर गेलो. दाराला काच होती. आत ही आणि डॉक्टरीणबाई. ही पदर तोंडाला लावून रडत होती. डॉक्टरीणबाईने हिच्या हातावर हात ठेवला होता. कसली जवळीक! रडून रडून माहिती पुरवत होती. इतकी वर्षं संसार केला, आणि माझ्याच घरात पेपर फुटला.

ही घरी यायच्या आत पोचायचं होतं म्हणून रिक्षा केली. ही आल्यावर विचारलं, काय म्हणाल्या शिवणाच्या बाई? म्हणाली, "अहो, मी डॉक्टरांकडे गेले होते. उद्या तुम्ही चला. मी हात जोडते."

पकडली जाणार हे कळल्यावर आधीच कबूल करणारे असतात. त्यांच्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

१९ मे

केंद्रातून फोन. घेतला नाही. पुन्हा फोन. घेतला नाही. हिने आपला फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून डॉक्टरीणबाई "काका, रागावू नका, आधी गोळ्या सुरू करा," इतकं बोलली, तोवर मी बंद केला. घाबरलेत. माझ्या अभ्यासाचा सुगावा लागला आहे.

मी कधी बोलायचं ते मीच ठरवणार. या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला केंद्रात संशोधनातल्या सगळ्या स्वयंसेवकांचा मेळावा आहे. आभार, भाषणं, चहा. तिथे, सगळ्यांसमोर.

२७ मे

प्रश्न तयार. भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. 'मित्रहो, आपल्यापैकी निम्मे लोक साखर खात आहेत' ही सुरुवात. नंतर थोडा वेळ थांबायचं, लोक चपापतील. नंतर मेहुण्याला उभं करून त्याचे घोटे दाखवायचे.

ही जेवली नाही. म्हणाली, "बाबांनीही असंच केलं होतं. मला काही होत नाही, मला काही होत नाही." मी म्हटलं, तुझ्या बाबांचं वेगळं होतं. काय वेगळं होतं, ते मेळाव्यानंतर विचार करून सांगेन.

२८ मे, सकाळ

कोट घातला. डोकं ठणकतंय. मोठ्या कामाआधी असं व्हायचंच. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या. रात्री झोपेत हात अंगाखाली आला असणार. अक्षर जरा तिरकं येतंय. पेन खराब.

निघतो.

३१ मे

डावा हात. अक्षर लहान मुलाचं.

आहे. ही खुर्चीत बसून आहे. पेन हिने दिलं.

४ जून

आता उजवी बोटं पेन धरतात, पण धरल्यावर विसरतात. थोडं थोडं लिहितो.

झालं ते असं. मेळाव्याला खुर्च्या भरलेल्या. डॉक्टरीणबाईने विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? मी उभा राहिलो. 'मित्रहो' म्हणालो. म्हणजे म्हणालो असं मला वाटलं. लोक चपापले. मला वाटलं, सुरुवात जमली. पुढचं वाक्य म्हणालो. लोक आणखी चपापले. मेहुणा दोन रांगा ओलांडून धावत आला. मी मनात म्हटलं, घोटे दाखवायला भ्याला.

तो नंतर म्हणाला, मी जे बोलत होतो त्यात एकही शब्द शब्द नव्हता. आणि माझा चष्मा एका बाजूला घसरलेला दिसत होता. सवयीने त्याने तो सरळ करायला हात पुढे केला, तेव्हा लक्षात आलं की चष्मा सरळ आहे आणि तोंड वाकडं झालंय.

त्याने मला खाली पडू दिलं नाही. त्याच्या पोटावर टेकून मी खाली बसलो. डॉक्टरीणबाई धावली. पट्टेवाल्याने चाकाची खुर्ची आणली. त्या दिवशी लिफ्ट चालू होती म्हणे.

मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. हॉस्पिटलच्या आवारातच होतो, म्हणून वेळेत इंजेक्शन मिळालं. घरी असतो तर, असं वॉर्डातले मोठे डॉक्टर म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. हिने त्यांना पुढचं विचारलंही नाही.

६ जून

डॉक्टरीणबाई भेटायला आली. पांढरा कोट नव्हता, त्यामुळे आणखीच लहान दिसत होती. म्हणाली, उपचार करायचे म्हणून तुमच्या बाटलीत काय आहे ते उघडून बघावं लागलं. अशा वेळी तेवढी परवानगी असते.

मी म्हटलं, साखर. बोलताना अजून जीभ अडखळते, पण हा शब्द नीट आला.

ती म्हणाली, "नाही, काका. तुम्हाला खरं औषध होतं."

मी छताकडे बघितलं. छताला एक पंखा आहे. तो चालू होता.

मग मी चांगल्या मनाने एक सूचना केली. माझं नाव काढून टाका. मी गोळ्या घेतल्याच नाहीत, म्हणजे मी तुमच्यात नव्हतोच. ती म्हणाली, तसं करता येत नाही. ज्याला खरं औषध दिलं, तो त्याच बाजूला धरायचा, त्याने खाल्लं असो वा नसो. तुमचा झटका नव्या औषधाच्याच बाजूला मोजला जाणार.

म्हणजे औषध वाईट ठरणार? माझ्यामुळे?

"एकट्या तुमच्यामुळे नाही ठरणार. पण थोडं तिकडे झुकेल."

म्हटलं, मी सांगतोय ना, मी खाल्ल्या नाहीत. लिहून देतो. ती म्हणाली, "कळतंय, काका. पण आपल्याला नको असलेली माणसं नंतर वगळायला लागलो तर ती आमची लबाडी होईल. आणि गोळ्या न घेणारे तुम्ही एकटेच नाही. बरेच जण घेत नाहीत. खऱ्या जगातही तसंच असतं, म्हणून तेही मोजतो."

बरेच जण. मला वाटलं होतं, ही पद्धत माझी आहे.

मग ती म्हणाली, हिने मातीतल्या गोळ्यांबद्दल सांगितल्यावर तिने केलेले फोन मी घेतले असते तर बरं झालं असतं. रागाने नाही म्हणाली. जाताना पांघरूण नीट करून गेली. मी खाली बघत होतो.

८ जून

आज मेहुणा आला. येताना जिन्यात गाणं ऐकू आलं, म्हणून आधीच कळलं.

बसला. घोटे अजून सुजलेले आहेत. मी विचारलं, तुझी बाटली उघडली का? म्हणाला, नाही, मला काय झालंय? म्हटलं, तुझी साखर असेल. म्हणाला, असेल. म्हटलं, मग रोज कशाला खातोस? इथे मला पुन्हा जुना जोर आला होता. हिने डोळ्यांनी दटावलं.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, साखर खाणारे नसतील तर खरं काय ते कळणार कसं? बाबांच्या वेळी ही गोळी नव्हती. आधी कुणीतरी खाऊन बघितली असती, तर असती."

मग हिच्या हातातलं सफरचंद घेऊन कापायला बसला. फोडी लहान केल्या, मला गिळायला त्रास होतो म्हणून. आम्ही तिघांनी खाल्ल्या. मला विचारण्यासारखा एकही प्रश्न सुचला नाही. असं पूर्वी झाल्याचं आठवत नाही.

११ जून

ही एकटी होती तेव्हा विचारलं. कुंडीत जे दिसलं ते त्याच दिवशी का बोलली नाहीस?

म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही दुसरी कुंडी शोधली असती."

यावर मी विचार केला. शोधली असती. जागाही ठरलेली होती, बाथरूमच्या खिडकीतली.

म्हटलं, तू डॉक्टरीणबाईंकडे जाऊन रडलीस, ते मी पाहिलं. ही म्हणाली, माहीत आहे. काचेतून तुमचं डोकं दिसत होतं. मला वाटलं, आता तरी आत याल.

१७ जून, दुपार

घरी आलो. मेहुणा आणि पट्टेवाला, दोघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. पट्टेवाल्याला सुट्टी होती, तरी आला. पायऱ्यांबद्दल मी काही बोललो नाही. लेकही आली आहे, आठवडाभर राहणार म्हणते.

संकल्प: कुणावर संशय घ्यायचा नाही. निदान घरातल्यांवर. निदान जेवणाआधी.

जेवण झाल्यावर ही गोळ्या घेऊन आली. पांढऱ्या दोन, पिवळी एक. वाटीतून एकेक दिली. पाणी दिलं. प्यालो. मला वाटलं, झालं. मी पेपरकडे हात केला.

"तोंड उघडा," ही म्हणाली.

मी बघतच राहिलो. लेक दारात उभी होती, तीही बघत होती. हिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पापण्या सुजलेल्या होत्या.

तोंड उघडलं. हिने वाकून आत बघितलं.

"जीभ वर करा."

केली.

"आता हा गाल."

उजवा गाल अजून नीट हलत नाही. हिने बोटाने बाजूला केला, नीट बघितलं, मग दुसरा बघितला. मग बोट पुसलं आणि वाटीत राहिलेली एक लहान गुलाबी गोळी पुढे केली. ही गोळी हॉस्पिटलमध्ये नव्हती. नवीन दिसते.

घेतली. कसली, ते विचारलं नाही.